पाणी तपासणारे आणि पाण्याविषयी बोलणारे

३ जुलै २०२५ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं म्हणजे ईपीएनं आपल्या १३९ कर्मचाऱ्यांना सक्तीच्या पगारी रजेवर पाठवलं. या मंडळींनी तीन दिवसांपूर्वी जाहीर झालेल्या एका पत्रावर सही केली होती. पत्राचं नाव ‘असहमतीचा जाहीरनामा’, आणि ते संस्थेचे प्रशासक ली झेल्डिन यांना उद्देशून होतं. पंधरा दिवसांनी, १८ जुलैला, संस्थेनं आणखी एक घोषणा केली: संशोधन आणि विकास विभाग बंद होणार, आणि जानेवारीत १६,१५५ असलेली कर्मचारीसंख्या १२,४४८ वर येणार. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा कमी.

या दोन बातम्यांवर गेल्या काळात पुष्कळ लिहिलं गेलं, पण बहुतेकदा वेगवेगळं. कपातीवर लिहिणारे डॉलर आणि पदं मोजतात. रजेवर पाठवलेल्यांविषयी लिहिणारे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा कायदा उलगडतात. पाण्याच्या बाबतीत मात्र हे दोन विषय सुटे करता येत नाहीत असं मला वाटतं. नळाच्या पाण्यात काय बिघडलंय हे ज्याला कळतं आणि ते वरिष्ठांना न आवडलं तरी जो लिहून ठेवतो, तो माणूस अनेकदा एकच असतो. तो गेला की नेमकं काय गेलं हे सांगायलाही कुणी उरत नाही.

कपातीचा पसारा थोडक्यात सांगतो, कारण आकडे आता बऱ्याच जणांना पाठ झाले आहेत. २८ जानेवारी २०२५ ला फेडरल सरकारच्या बहुतेक नागरी कर्मचाऱ्यांना एक ई-मेल गेला: आत्ता राजीनामा कबूल करा, सप्टेंबरअखेरपर्यंत पगार घ्या. फेब्रुवारीत परिविक्षा काळातले हजारो नवे कर्मचारी काढले गेले. खालच्या न्यायालयांनी काहींना परत घ्यायला लावलं, वरच्या न्यायालयांनी ते आदेश रोखले, आणि ८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं मोठ्या कपातीच्या आराखड्यांवरची स्थगिती उठवली. फेडरल कार्मिक कार्यालयाच्या संचालकांनी दिलेला हिशेब असा की २०२५ मध्ये सुमारे ३ लाख १७ हजार लोक गेले आणि ६८ हजार आले. यातल्या बहुतेकांना आम्ही काढलं नाही, ते आपखुशीनं गेले, असं सरकार म्हणतं. आकड्यांपुरतं ते खरं आहे. पण आपखुशीनं जातो कोण? बाहेर दुसरी नोकरी सहज मिळू शकते तो, आणि निवृत्ती जवळ आलेला. अनुभव आणि हुशारी जिथे जास्त, तिथेच अशी गळती जास्त होते. कोणतं काम कमी महत्त्वाचं हे ठरवून केलेली ही छाटणी नव्हे.

आता पाणी. अमेरिकेत पाण्याची राखण मुख्यतः दोन कायद्यांवर चालते. १९७२ चा स्वच्छ पाणी कायदा नद्या, तलाव, पाणथळ जागा सांभाळतो. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला होता आणि काँग्रेसनं तो धुडकावून कायदा केला. १९७४ चा सुरक्षित पेयजल कायदा नळाच्या पाण्याचा. देशात सुमारे दीड लाख सार्वजनिक पाणीपुरवठा व्यवस्था आहेत, त्यातल्या पुष्कळशा लहान गावांच्या. त्यांच्यावर रोजची नजर ठेवण्याचं काम राज्यांकडे आहे. वायोमिंग वगळता सर्व राज्यांनी ते स्वतःकडे घेतलंय. ईपीए मर्यादा ठरवते, राज्यांच्या कामावर देखरेख करते, अवघड प्रश्नांत तांत्रिक मदत देते आणि राज्य कमी पडलं तर स्वतः उतरते.

या रचनेमुळे ईपीएतली माणसं कमी झाली तरी दुसऱ्या दिवशी कुणाच्या नळाला काही फरक पडत नाही. पाणी येतं, स्वच्छ दिसतं. शिसं पाण्यात दिसत नाही, चवीला लागत नाही, त्याला वासही नसतो. म्हणूनच ‘एवढे लोक कमी केले, काय बिघडलं?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला सहा महिन्यांत उत्तर मिळत नाही, आणि तो आपलंच खरं झालं असं समजतो.

फ्लिंटची कहाणी आता दहा वर्षं जुनी झाली. ती सगळ्यांना ठाऊक आहे असं आपण धरून चालतो, पण तिच्यातला सरकारी नोकराचा भाग सहसा सांगितला जात नाही. एप्रिल २०१४ मध्ये मिशिगनमधल्या या शहरानं पैसे वाचवण्यासाठी डेट्रॉइटकडून येणारं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी घेतलं. शहराचा कारभार तेव्हा राज्यानं नेमलेल्या आपत्कालीन व्यवस्थापकाकडे होता. नदीचं पाणी पाइप खाणारं. त्यात गंजरोधक फॉस्फेट मिसळणं भाग होतं. ते मिसळलंच गेलं नाही. जुन्या शिशाच्या पाइपांच्या आतून वर्षानुवर्षं धरलेला संरक्षक थर सुटला आणि शिसं पाण्यात उतरलं. २०१५ च्या सुरुवातीला तिथल्या एका आईच्या घरी पाणी तपासलं तेव्हा शिसं निघालं अब्जात १०४ भाग, आणि पुढच्या महिन्यात ३९७. कारवाई करायलाच हवी अशी मर्यादा १५ ची आहे.

ही तक्रार ईपीएच्या शिकागो कार्यालयात मिगेल देल तोरल यांच्याकडे आली. पेयजलाचे नियम हा त्यांचा विषय. त्याआधी दोन वर्षं त्यांनी सहकाऱ्यांबरोबर शिकागोतल्या शिशाच्या नळजोडण्यांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता, आणि त्यात नमुना घेण्याची ठरलेली पद्धतच शिसं कमी दाखवते असं दाखवून दिलं होतं. त्यामुळे ‘आमचे आकडे मर्यादेत आहेत’ या राज्याच्या उत्तरावर ते थांबले नाहीत. गंजरोधक प्रक्रिया चालू आहे का, असं विचारलं. राज्याच्या खात्यानं आधी ‘आहे’ म्हणून सांगितलं आणि दोन महिन्यांनी ‘नाही’ म्हणून. आदल्या रात्री नळ सोडून ठेवायचा आणि सकाळी नमुना घ्यायचा, या शहरातल्या पद्धतीवरही त्यांनी बोट ठेवलं. तसं केलं की पाइपात मुरलेलं शिसं आधीच वाहून जातं आणि बाटलीत सभ्य पाणी येतं.

२४ जून २०१५ ला देल तोरल यांनी हे सगळं एका अंतरिम टिपणात लिहिलं. टिपण त्या आईपर्यंत गेलं, तिच्याकडून एका पत्रकाराकडे, आणि जुलैत ते बाहेर आलं. पुढचं वागणं सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. राज्याच्या प्रवक्त्यानं लोकांना निश्चिंत राहायला सांगितलं. ईपीएच्या विभागीय प्रमुखांनी महापौरांना कळवलं की हा मसुदा आहे, पूर्ण तपासलेला नाही. पुढे व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या मार्क एडवर्ड्स यांनी घरोघरचे नमुने तपासले, मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे मांडले, आणि ऑक्टोबरमध्ये शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आलं. ईपीएचा आणीबाणीचा आदेश निघाला २१ जानेवारी २०१६ ला. संस्थेच्याच महानिरीक्षकांनी नंतर अहवालात म्हटलं की हा आदेश काढण्याइतके अधिकार आणि माहिती संस्थेकडे सात महिने आधी होती. विभागीय प्रमुखांना पद सोडावं लागलं.

आजच्या कपातीवर टीका करणाऱ्यांनी फ्लिंटचा दाखला जपून द्यावा, असं मला वाटतं. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये ओबामा होते, आजच्यासारखी कपातीची लाट नव्हती, आणि तरीही यंत्रणा सात महिने ढिम्म बसली. नुसती पदं भरलेली असून भागत नाही हे त्यातून दिसतं. मात्र त्याच यंत्रणेत शिकागोचा अभ्यास केलेला, आकड्यांची फसवणूक ओळखणारा आणि आपलं नाव घालून टिपण लिहिणारा एक माणूस होता, आणि त्याची नोकरी टिकली. या तीन गोष्टी एकत्र येण्यावर त्या शहराची सुटका अवलंबून होती. आजचे निर्णय या तिन्हींवर घाला घालतात.

ज्ञानाची गोष्ट आधी. नॉर्थ कॅरोलिनात केप फिअर नदीवर, फेएटव्हिलजवळ, एक मोठा रसायनांचा कारखाना आहे. आधी ड्युपाँटचा, मग त्यातूनच फुटून निघालेल्या केमूर्सचा. नदीच्या खालच्या अंगाला विल्मिंग्टन शहर तेच पाणी पितं. ईपीएच्या संशोधन विभागातले मार्क स्ट्रायनर आणि अँड्र्यू लिंडस्ट्रॉम हे शास्त्रज्ञ नदीचे नमुने घेऊन त्यात नेमकं काय काय आहे हे शोधत होते. कारखान्याच्या परवान्यात ज्यांचा उल्लेखच नव्हता अशी फ्लोरिनयुक्त रसायनं त्यांना सापडली, त्यातलंच एक जेनएक्स. राज्याच्या विद्यापीठातले डेटलेफ क्नापे यांच्यासोबत त्यांनी पुढे दाखवलं की शहराच्या जलशुद्धीकरणात ही रसायनं निघतच नाहीत. जशीच्या तशी नळात येतात. २०१६ च्या अखेरीस हा निबंध आला, जून २०१७ मध्ये विल्मिंग्टनच्या वर्तमानपत्रानं तो लोकांपुढे ठेवला, आणि गावात खळबळ उडाली. २०१९ मध्ये कंपनीला न्यायालयापुढे करार करावा लागला. शहरानं कोळशाच्या गाळण्या बसवल्या, त्याही स्वतःच्या खर्चानं.

ही कथा मला महत्त्वाची वाटते ती एका कारणासाठी. नियम मोडल्याची तक्रार कुणी केली नव्हती, कारण मोडायला नियमच नव्हता. तपासनीस यादी घेऊन जातो आणि यादीतली रसायनं मोजतो; यादीत काय नाही हे शोधायला प्रयोगशाळा लागते, वेळ लागतो आणि ताबडतोब उपयोगाचा हिशेब न मागणारा वरिष्ठ लागतो. संशोधन विभागात सुमारे दीड हजार माणसं होती. सिनसिनाटीतलं त्यांचं केंद्र पेयजलाच्या शुद्धीकरणावर अनेक दशकं काम करत आलंय. तो विभाग बंद करून त्यातल्या काहींना प्रशासकांच्या कार्यालयाला जोडलेल्या नव्या ‘उपयोजित विज्ञान’ कार्यालयात घ्यायचं असं ठरलं. सगळ्या बदलांतून मिळून ७४ कोटी ८८ लाख डॉलर वाचतील, असं संस्थेनं सांगितलं. नियम लिहिणाऱ्यांच्या शेजारी शास्त्रज्ञ बसले तर विज्ञान लवकर उपयोगी पडेल, हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण राजकीय नेमणुकीच्या दालनाशेजारी बसलेला शास्त्रज्ञ केप फिअरवर जाऊन, कुणी न मागितलेले नमुने घेईल का, याची मला शंका आहे.

योगायोग असा की मे २०२५ मध्ये ईपीएनं याच जेनएक्ससह काही ‘कायम टिकणाऱ्या’ रसायनांच्या मर्यादा मागे घेण्याचं जाहीर केलं. त्या २०२४ मध्येच ठरल्या होत्या. पीएफओए आणि पीएफओएस या दोन जुन्या रसायनांची मर्यादा, लाख कोटी भागांत ४ भाग, तेवढी ठेवली आणि ती पाळण्याची मुदत २०३१ पर्यंत वाढवण्याचं ठरवलं.

पाण्याची राखण एकट्या ईपीएकडे नाही. ईरी सरोवरावर दर उन्हाळ्यात विषारी शैवाल माजतं. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याचं विष टोलेडोच्या पाण्यात उतरलं, आणि सुमारे चार लाख लोकांना जवळपास तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. उकळूनही उपयोग नव्हता, उकळल्यानं विष आणखी घट्ट होतं. तेव्हापासून शैवालाच्या अंदाजाकडे पाणीपुरवठ्याचे लोक डोळे लावून असतात. हे अंदाज ज्या कामावर उभे आहेत ते सागर आणि वातावरण प्रशासनाच्या ॲन आर्बरमधल्या प्रयोगशाळेत होतं, आणि फेब्रुवारी २०२५ च्या कपातीत त्या प्रयोगशाळेचीही माणसं गेली. नद्यांची पातळी आणि प्रवाह मोजणारं भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं जाळं आठ हजारांहून अधिक केंद्रांचं; पहिलं केंद्र १८८९ मध्ये न्यू मेक्सिकोत एम्बुडोला सुरू झालं. या मापनाचं मोल त्याच्या अखंडतेत आहे. मधली पाच वर्षं गळाली तर पैसे ओतूनही ती परत मोजता येत नाहीत.

मिलवॉकीचं उदाहरण जरा वेगळं आहे, पण मला तेच सगळ्यात बोलकं वाटतं. १९९३ मध्ये या शहराच्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम हा जंतू शिरून सुमारे चार लाख लोक आजारी पडले होते. आजच्या अमेरिकन जलशुद्धीकरणाच्या बऱ्याच नियमांमागे ती आठवण आहे. २०२५ मध्ये तिथल्या शाळांत मुलांना शिशाची बाधा झाल्याचं निघालं. शिसं या वेळी जुन्या रंगातलं होतं, पाण्यातलं नव्हे. शहरानं रोगनियंत्रण केंद्राकडे तज्ज्ञांची मदत मागितली. नकार आला, कारण मुलांच्या शिसेबाधेवर काम करणारा गटच १ एप्रिलच्या कपातीत संपला होता. शिसं नळातून येवो की भिंतीवरून, मुलाच्या रक्तात ते शोधणारी माणसं तीच.

इथे एक सावधगिरी. प्रत्येक आपत्ती कपातीच्या खात्यावर टाकण्याचा मोह टीकाकारांना होतो. ४ जुलै २०२५ ला टेक्सासमध्ये ग्वाडालूप नदीला आलेल्या पुरात शंभराहून अधिक माणसं गेली, आणि हवामान खात्यातल्या रिकाम्या पदांकडे लगेच बोटं वळली. पदं रिकामी होती हे खरं. पण खात्यानं इशारे दिले होते. ते मध्यरात्री नदीकाठच्या तंबूंत आणि खोल्यांत झोपलेल्यांपर्यंत पोहोचले नाहीत, हा स्थानिक व्यवस्थेचा प्रश्न होता. अशा घाईच्या आरोपांनी नुकसान एवढंच होतं की कपातीचे खरे परिणाम, जे हळू आणि आवाज न करता येतात, त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

सरकारची बाजू रागाशिवाय ऐकली तर ती तीन मुद्द्यांची आहे. संस्था कायद्यानं नेमून दिलेल्या कामापलीकडे पसरली होती. राज्यं आता सक्षम आहेत, त्यांच्या डोक्यावर दिल्लीसारखं वॉशिंग्टन कशाला. आणि लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचं धोरण राबवणं हे कर्मचाऱ्याचं काम; ते त्याला पटायलाच हवं असं नाही. तिसरा मुद्दा वजनदार आहे, त्याकडे पुढे येतो. दुसऱ्याला मात्र फ्लिंट हेच उत्तर आहे: तिथे चुकलं ते राज्यच होतं. शिवाय अनेक राज्यांच्या पाणी खात्यांचा बराच खर्च फेडरल अनुदानातून चालतो. वरची देखरेख कमी आणि त्याच वेळी अनुदानही कमी करण्याचा प्रस्ताव, हे सक्षमीकरण कुठल्या हिशेबानं होतं?

आता बोलण्याचा प्रश्न. जाहीरनाम्यात पाच तक्रारी होत्या: संस्था जनतेचा विश्वास गमावते आहे, प्रदूषण करणाऱ्यांच्या सोयीसाठी शास्त्रीय मत बाजूला सारते आहे, दुबळ्या वस्त्यांसाठी झालेलं काम उलटवते आहे, संशोधन विभाग मोडते आहे आणि आत भीतीचं वातावरण तयार करते आहे. अडीचशेहून अधिक सह्यांपैकी १७० च्या आसपास नावानिशी होत्या, बाकी निनावी. त्याआधी ९ जूनला राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी असंच पत्र काढलं होतं, आणि तिथे अशी सरसकट कारवाई झाली नव्हती. ईपीएत झाली. सरकारचा अजेंडा आतून पोखरणाऱ्यांना अजिबात थारा नाही, अशी भूमिका संस्थेनं घेतली; सही करणाऱ्यांनी अधिकृत हुद्दे लावून लोकांची दिशाभूल केली, असंही म्हटलं. रजा वाढत गेली, आणि ऑगस्टअखेर काहींना बडतर्फ केलं गेलं, काहींना बिनपगारी निलंबनाची शिक्षा झाली. त्याच आठवड्यात आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी कॅटरिना वादळाच्या विसाव्या स्मृतिदिनाच्या तोंडावर पत्र काढलं, आणि दुसऱ्याच दिवशी नावानिशी सही करणाऱ्यांपैकी कित्येक रजेवर गेले. निनावी सही करणाऱ्यांनी बरोबर अंदाज बांधला होता असं म्हणावं लागतं.

कायदा काय म्हणतो? इथे गुंता आहे, आणि तो मुळापासूनचा आहे. १९६८ च्या पिकरिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एका शाळाशिक्षकाच्या बाजूनं निकाल दिला. त्यानं शाळेच्या पैशांविषयी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं होतं. नागरिक म्हणून, सार्वजनिक प्रश्नावर सरकारी नोकर बोलला तर त्याचा हक्क आणि कार्यालयाची शिस्त यांचा तोल पाहायचा, असं न्यायालय म्हणालं. २००६ मध्ये गार्सेटी खटल्यात त्याच न्यायालयानं ठरवलं की नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या टिपणाला घटनेचं संरक्षण नाही. म्हणजे देल तोरल यांनी कार्यालयात लिहिलेल्या टिपणाला घटना वाली नाही. तेच त्यांनी एखाद्या दैनिकाला वाचकाचं पत्र म्हणून धाडलं असतं तर कदाचित असती. टिपणाच्या मदतीला येतो तो १९८९ चा जागल्यांना संरक्षण देणारा कायदा. कायदेभंग, मोठा गैरकारभार, पैशांची उधळपट्टी, अधिकारांचा गैरवापर किंवा जनतेच्या आरोग्याला ठोस धोका दाखवून देणाऱ्याला तो जपतो; २०१२ च्या दुरुस्तीनं संशोधन दडपल्याची माहितीही त्यात आली. मात्र धोरणाशी निव्वळ मतभेद त्यात बसत नाही.

जाहीरनामा नेमका या सीमेवर उभा आहे. ‘संशोधन विभाग बंद करणं चूक आहे’ हा मतभेद की धोक्याचा इशारा? सरकार पहिलं म्हणतं, सही करणारे दुसरं. माझ्या मते पत्रातली काही वाक्यं राजकीय भाषणाच्या फार जवळ जातात, आणि त्यामुळे त्यांचीच बाजू लंगडी झाली. एखाद्या नदीचं, एखाद्या रसायनाचं नाव घेऊन लिहिलेली दोन पानं कायद्यापुढेही आणि लोकांपुढेही अधिक टिकली असती. पण त्यासाठी नोकरी घालवावी इतका तो अपराध होता का? १९१२ पासून अमेरिकेचा कायदा सरकारी नोकराला काँग्रेसपुढे गाऱ्हाणं मांडायचा हक्क देतो. असहमती दाखवणारा प्रत्येक जण धोरण अडवून धरतो असं नाही. या पत्रावर सही करणारे आपापलं काम करतच होते.

खरी काळजी शिक्षेपेक्षा दाद मागण्याच्या वाटांची आहे. जागल्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या विशेष वकील कार्यालयाचे प्रमुख हॅम्पटन डेलिंजर यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये काढण्यात आलं. महिनाभर न्यायालयात लढून त्यांनी नाद सोडला. कर्मचाऱ्यांची अपिलं ऐकणारं मंडळ गणसंख्येअभावी कित्येक महिने निकालच देऊ शकत नव्हतं. जानेवारीत एका रात्रीत सतराच्या आसपास महानिरीक्षकांना हटवलं गेलं, त्यात ईपीएचे महानिरीक्षकही होते. फ्लिंटमधला सात महिन्यांचा उशीर ज्या कार्यालयानं चव्हाट्यावर आणला, तेच हे कार्यालय. मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशानं ईपीएसह अनेक खात्यांतल्या कामगार संघटनांचा वाटाघाटीचा हक्क काढून घेतला. आणि एप्रिलमध्ये सुमारे ५० हजार पदं अशा वर्गात टाकण्याचा प्रस्ताव आला, जिथून माणसाला काढणं सोपं होईल. कायद्याच्या पुस्तकात संरक्षण जिथल्या तिथे आहे. त्याची अंमलबजावणी करणारी खुर्ची तेवढी रिकामी केली, किंवा आपल्या माणसानं भरली.

मराठी वाचकाला इथे विजय पांढरे आठवतील. पाटबंधारे खात्यातल्या या मुख्य अभियंत्यानं २०१२ मध्ये सिंचन प्रकल्पांच्या खर्चावर आणि दर्जावर पत्र लिहिलं आणि राज्याचं राजकारण हललं. आपल्याकडे जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण तो अजून अमलात आणलेला नाही. अमेरिकेत कायदा शंभर वर्षांत थराथरानं बांधला गेला. म्हणूनच तिथलं त्याचं सैल होणं डोळ्यांत भरतं.

हे पहिल्यांदाच घडतंय असंही नाही. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात ईपीएच्या तेव्हाच्या प्रशासक ॲन गोरसच यांनी संस्थेची कर्मचारीसंख्या दोन-तीन वर्षांत सुमारे १३ हजारांवरून ११ हजारांच्या खाली आणली. तेव्हा ह्यू कॉफमन नावाचे अधिकारी घातक कचऱ्याविषयी उघड बोलत राहिले, माजी अधिकारी बिल ड्रेटन यांनी ‘सेव्ह ईपीए’ नावाचा गट उभा केला, आणि काँग्रेसनं कागद मागितले तेव्हा ते न दिल्याबद्दल गोरसच यांच्यावर अवमानाचा ठपका आला. मार्च १९८३ मध्ये त्या गेल्या. संस्थेचे पहिले प्रमुख विल्यम रकल्सहाउस यांना परत बोलावलं गेलं, आणि सगळा कारभार काचेच्या भांड्यातल्या माशासारखा उघडा राहील असं त्यांनी लेखी जाहीर केलं. (गोरसच यांचे चिरंजीव आज सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आहेत, खात्यांच्या अधिकारांविषयी त्यांची मतं आईच्या मतांहून फार लांब नाहीत.) त्या वेळचा आणि आजचा फरक काँग्रेसमध्ये आहे. तेव्हा प्रतिनिधिगृह विरोधकांच्या हाती होतं आणि चौकशी समित्या कर्मचाऱ्यांचं ऐकून घ्यायला उत्सुक होत्या.

आजची काँग्रेस अगदीच गप्प आहे असंही म्हणता येत नाही. २०२६ साठी ईपीएचं अंदाजपत्रक निम्म्याहून कमी करावं, शहरांना पाण्याच्या कामांसाठी कर्ज देणारे निधी जवळपास संपवावेत, असा सरकारचा प्रस्ताव होता. दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी तो मानला नाही. आपल्या मतदारसंघातल्या जलवाहिन्यांचे पैसे सोडायला कुणीच तयार नसतं. परिणाम चमत्कारिक झाला: पैसा बराचसा शिल्लक, तो योग्य खर्च झाला की नाही हे पाहणारी माणसं कमी.

आणि काम तर वाढणार आहे. देशात शिशाच्या नळजोडण्या लाखांनी आहेत, ईपीएचा २०२३ चा अंदाज ९० लाखांच्या आसपासचा. ऑक्टोबर २०२४ च्या नियमानुसार बहुतेक ठिकाणी त्या दहा वर्षांत बदलायच्या आहेत, आणि कारवाईची मर्यादा १५ वरून १० वर येणार आहे. हा नियम सध्याच्या सरकारनंही न्यायालयात राखायचं ठरवलंय. १ नोव्हेंबर २०२७ पासून तो लागू होईल. शिशाच्या पाइपांच्या घरांत नळाच्या पहिल्या लिटरबरोबर पाचवा लिटरही तपासायचा, कारण बाहेरच्या पाइपात मुरलेलं पाणी तिथे हाती लागतं; देल तोरल यांच्या शिकागोच्या अभ्यासात दिसलं होतं ते हेच. हजारो गावांतून हे आकडे राज्यांकडे आणि राज्यांकडून ईपीएच्या विभागीय कार्यालयांत येतील. तिथे कुणीतरी ते वाचून ‘हा पाचवाच लिटर आहे ना?’ असं विचारावं लागेल, आणि राज्याचं उत्तर पटलं नाही तर तसं लिहून सही करावी लागेल.